१४, २२ की ८६? चांदीच्या कलिलातल्या कणांचा आकार मोजताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी तुळशीच्या पानांचा अर्क आणि १ मिलिमोलर सिल्व्हर नायट्रेट वापरून चांदीचं कलिल, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या अतिसूक्ष्म कणांचं मिश्रण, तयार केलं. यूव्ही-व्हिजिबलमध्ये (कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला जातो ते मोजताना) शिखर ४३२ नॅनोमीटरला आलं. एक्सआरडीवरून (क्ष-किरणांच्या विवर्तनावरून) शेररच्या सूत्राने १४ नॅनोमीटर, टीईएमवर (पारगामी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर) २२ अधिक-उणे ९, आणि डीएलएसवर (लेझरच्या विखुरलेल्या प्रकाशावरून) थेट ८६ नॅनोमीटर, पीडीआय (आकारांच्या पसाऱ्याचा निर्देशांक) ०.३८. डीएलएससाठी सुकवलेली पूड पाण्यात पुन्हा मिसळून, सोनिकेट करून (ध्वनिलहरींनी हलवून) दिली होती. मार्गदर्शक म्हणतात प्रबंधात १४ लिहा, मित्र म्हणतो टीईएमचा आकडा अंतिम. डीएलएसचा आकडा चुकलेला समजून वगळायचा का? आणि एवढी उपकरणं नसतील तर कणांचा आकार कळण्याचा काही साधा मार्ग आहे का?

वगळू नका. तिन्ही आकडे बहुधा बरोबर आहेत, कारण तिन्ही उपकरणांनी तीन वेगळ्या गोष्टी मोजल्या आहेत. त्यातला एक निवडून बाकीचे लपवले तर नमुन्याबद्दलची सगळ्यात मोलाची माहिती हातची जाईल, कारण ती या तफावतीतच आहे. ती कशी वाचायची ते सांगते. उत्तर लांबेल, पण हा गोंधळ मी इतक्या प्रबंधांत बघते की एकदा नीट लिहून काढणं गरजेचं वाटतं.

आधी एक दाखला. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेकडे सोन्याच्या नॅनोकणांचा एक संदर्भ नमुना आहे, आरएम ८०१२. त्याचं नाममात्र आकारमान ३० नॅनोमीटर. कण जवळजवळ गोल, एकसारखे, सायट्रेटचं पातळ आवरण असलेले; याहून सरळ नमुना मिळणं कठीण. तरीही संस्थेने त्याच्या अहवालात एकच आकडा दिलेला नाही. एएफएमने (सूक्ष्म सुईने पृष्ठभाग चाचपणाऱ्या सूक्ष्मदर्शकाने) २४.९, टीईएमने २७.६, मागच्या कोनातून घेतलेल्या डीएलएसने २८.६, असे पद्धतीगणिक वेगळे आकडे शेजारी शेजारी छापले आहेत. सोन्याच्या इतक्या स्वच्छ नमुन्यात जर पद्धतीनुसार आकडा हलतो, तर पानांच्या अर्कात तयार झालेल्या, जाड सेंद्रिय आवरणाच्या, लहानमोठ्या कणांच्या चांदीत तो किती हलेल? म्हणून ‘कणांचा आकार २२ नॅनोमीटर’ हे वाक्य अपुरं आहे. कोणत्या पद्धतीने, ओला की सुका, संख्येची सरासरी की विखुरलेल्या प्रकाशाची, हे सोबत आल्यावरच त्या २२ ला अर्थ येतो.

आता तुमचे आकडे एकेक करून बघू.

एक्सआरडीचे १४ नॅनोमीटर हा कणाचा व्यास नाही. १९१८ पासून वापरात असलेलं शेररचं सूत्र स्फटिकखंडाची लांबी देतं, म्हणजे ज्या अंतरापर्यंत अणूंची रांग न मोडता एका दिशेत चालू राहते ते अंतर. चांदीचे कण पाण्यात वाढताना अनेकदा जुळे स्फटिक होतात. एकाच कणात पाच-पाच खंड पाचरीसारखे जोडलेले असतात. असा कण टीईएमवर २२ दिसेल आणि एक्सआरडीत १४ मोजला जाईल, आणि दोन्ही बरोबर असेल. त्यामुळे १४ आणि २२ यांच्यातली तफावत तुम्हाला सांगते की तुमचे बरेचसे कण एकसंध स्फटिक नाहीत. ही प्रबंधात लिहिण्यासारखी गोष्ट आहे. फक्त दोन गोष्टी तपासा. तांब्याच्या क्ष-किरणांत ३८.१ अंशाला येणारं १११ चं शिखर १४ नॅनोमीटरसाठी साधारण ०.६ अंश रुंद असतं. यंत्राची स्वतःची रुंदी त्यातून वजा केली आहे का? नसेल, तर खरा आकडा १४ पेक्षा मोठा निघेल. दुसरं, २७.८, ३२.२ आणि ४६.२ अंशांच्या आसपास जादा शिखरं आहेत का? ती सिल्व्हर क्लोराइडची असतात. पानांच्या अर्कात क्लोराइड असतंच, ते चांदीच्या आयनांना सगळ्यांत आधी पकडतं, आणि अनेक प्रबंधांत ही शिखरं ‘अर्कातील स्फटिकमय सेंद्रिय द्रव्यांची’ म्हणून निकालात काढलेली मला दिसतात. तुमच्या नमुन्यात ती असतील तर टीईएमवर मोजलेल्या कणांपैकी काही कण चांदीचे नाहीतच, आणि मग सरासरीला हात घालण्याआधी तो प्रश्न सोडवावा लागेल.

टीईएमचे २२. मित्राचं म्हणणं अर्धं खरं आहे. कण डोळ्यांनी दिसतो, कडा दिसते, गोल आहे की त्रिकोणी तेही कळतं. धातूच्या गाभ्याचा व्यास हवा असेल तर याहून चांगली पद्धत नाही. पण टीईएम सुकलेला नमुना बघतं. आवरणातल्या प्रथिनांना आणि पॉलिफेनॉलना (पानांतल्या सेंद्रिय रसायनांना) चांदीच्या मानाने जवळपास काहीच काळेपणा नसतो, त्यामुळे ते व्यासात धरलं जात नाही. थेंब सुकताना कण कडेला ओढले जातात आणि एकमेकांना चिकटतात. चित्रात दिसणारे पुंजके पाण्यात होते की ग्रिडवर (नमुना ठेवायच्या बारीक जाळीवर) झाले, हे टीईएम सांगू शकत नाही.

चांदीच्या बाबतीत आणखी एक सापळा आहे आणि तो फार कमी जणांना माहीत असतो. नेहमीचं ग्रिड तांब्याचं असतं. तुमच्या कलिलात क्षपण न झालेले, म्हणजे अजून धातू न बनलेले, चांदीचे आयन शिल्लक असतील, तर तांबं ते क्षपित करतं आणि ग्रिडवरच नवे चांदीचे कण तयार होतात. शाळेत तांब्याची तार सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवून चांदीचे चकचकीत तंतू उगवलेले बघितले असतील, तीच क्रिया. शिवाय द्रावण सुकताना आणि इलेक्ट्रॉनांच्या माऱ्यातही आयनांची चांदी होते. मोठ्या कणांभोवती १ ते ३ नॅनोमीटरच्या ठिपक्यांची गर्दी दिसली की मी आधी हाच संशय घेते. हे ठिपके गणनेत आले तर सरासरी खाली ओढली जाते, आणि पेपरात ‘अतिसूक्ष्म कण मिळाले’ असं छापलं जातं. उपाय सोपा आहे. कलिल सेंट्रिफ्यूज करून वरचं पाणी काढा, शुद्ध पाण्यात पुन्हा मिसळा, असं दोनदा करा, आणि कार्बन फिल्म लावलेलं सोन्याचं ग्रिड मागा. महाग पडतं, पण शंका मिटते.

किती कण मोजले, हे तुम्ही लिहिलेलं नाही. ५० मोजले असतील तर सरासरीतली अनिश्चितता ९ भागिले ५० चं वर्गमूळ, म्हणजे जवळपास १.३ नॅनोमीटर. ४०० मोजले तर ती ०.४५ वर येते. पण खरी अडचण सरासरीची नसते, शेपटाची असते. ५० कणांत एखादाच ६० नॅनोमीटरचा सापडेल किंवा सापडणारही नाही, आणि पुढे दिसेल की डीएलएसचा सगळा हिशेब त्या एका कणावर ठरतो. म्हणून ग्रिडच्या वेगवेगळ्या चौकटींतून चित्रं घ्या. ऑपरेटर सुंदर, सुटे कण दिसणारी जागा शोधून देतो. त्याला नम्रपणे सांगा की विस्कळीत जागाही हव्यात. चित्रं टिफमध्ये घ्या, इमेजजे या चित्र-मोजणीच्या सॉफ्टवेअरमध्ये पट्टीचं प्रमाण त्याच चित्रावरून घाला, आणि एकमेकांवर आलेले कण सॉफ्टवेअरने एकच कण म्हणून धरले नाहीत ना हे डोळ्यांनी बघा.

जाता जाता एसईएमबद्दल, म्हणजे नमुन्याच्या पृष्ठभागाचं चित्र घेणाऱ्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाबद्दल. टीईएमची तारीख मिळत नाही म्हणून बरेच जण एफई-एसईएमवर भागवतात. ५०-१०० नॅनोमीटरच्या कणांना ते चालतं. २० ला नाही, आणि नमुन्यावर सोन्याचा मुलामा दिला असेल तर अजिबात नाही. मुलाम्याचे स्वतःचे दाणे काही नॅनोमीटरचे असतात आणि तेच मोजले जातात.

आता ८६. इथे जरा थांबावं लागेल, कारण सगळा गैरसमज इथे आहे.

डीएलएस कण बघत नाही. ते लेझरच्या विखुरलेल्या प्रकाशाची थरथर बघतं. लहान कण पाण्यात भरभर हलतात, थरथर जलद विझते. मोठे कण रेंगाळतात. त्या वेगावरून विसरण गुणांक (कण किती भरभर पसरतात याचं माप) निघतो आणि स्टोक्स-आइन्स्टाइन समीकरणाने त्याचा व्यास होतो. २५ अंश सेल्सिअसला पाण्यात २० नॅनोमीटरच्या गोळ्याचा विसरण गुणांक सेकंदाला साधारण २४.५ चौरस मायक्रोमीटर येतो. हा व्यास धातूचा नसतो. धातू, त्यावरचं आवरण आणि त्यासोबत ओढलं जाणारं पाणी या सगळ्याचा मिळून असतो.

पण आवरणापेक्षा मोठी गोष्ट आहे सहाव्या घाताची. तरंगलांबीपेक्षा बऱ्याच लहान कणाने विखुरलेला प्रकाश त्याच्या व्यासाच्या सहाव्या घातात वाढतो. १०० नॅनोमीटरचा एक कण १० नॅनोमीटरच्या दहा लाख कणांइतका प्रकाश देतो. ढोल वाजत असताना बासरी ऐकू येत नाही, तसं मोठ्या कणांसमोर लहान कण डीएलएसला ऐकूच येत नाहीत. टीईएमवर प्रत्येक कणाला एक मत असतं. डीएलएसवर मोठ्याला लाखो मतं असतात.

याचा तुमच्या आकड्यांवर काय परिणाम होतो, ते मोजता येतं. टीईएमवर सरासरी २२, प्रमाण विचलन ९. म्हणजे पसारा सरासरीच्या ०.४१ पट. वाटणी लॉगनॉर्मल (मोठ्या कणांच्या बाजूला लांब शेपूट असलेली) धरू, रासायनिक क्षपणाने केलेल्या कलिलांना ती बऱ्यापैकी लागू पडते. ०.४१ चा वर्ग करून त्यात १ मिळवा आणि नैसर्गिक लॉगॅरिदम घ्या: ०.१५५. यावरून मध्यक २०.४ नॅनोमीटर येतो. डीएलएसची झेड-सरासरी (विखुरलेल्या प्रकाशाच्या वजनाने काढलेला सरासरी व्यास) मिळवायला ०.१५५ ला साडेपाचने गुणून ई चा तो घात घ्या, येतो २.३५. तो २०.४ ला लावला की ४८. म्हणजे एकही पुंजका नसताना, आवरण शून्य असताना, टीईएमवर २२ दिसणाऱ्या याच कणांनी डीएलएसवर ४८ दाखवायला हवेत. इथे कुणाचीही चूक नाही. वेगळ्या सरासरीचा हा निव्वळ परिणाम आहे.

आता आवरण मिळवा. अर्कातली प्रथिनं, शर्करा, पॉलिफेनॉल यांचा ओला थर प्रत्येक बाजूला ३ ते ५ नॅनोमीटर धरला तर ५४ ते ५८ पर्यंत आपण पोचतो. ८६ पर्यंतचं उरलेलं अंतर कशाचं?

पीडीआय त्याचं उत्तर देतो. लॉगनॉर्मल वाटणीत पीडीआय हा टीईएमच्या पसाऱ्याच्या वर्गाइतका यायला हवा: ०.४१ चा वर्ग, ०.१७. तुमचा ०.३८ आहे, दुपटीहून जास्त. टीईएमने न दाखवलेलं काहीतरी मोठं त्या क्युव्हेटमध्ये (नमुन्याच्या छोट्या पारदर्शक पेटीत) होतं. तुम्ही स्वतःच कारण लिहिलं आहे: सुकवलेली पूड पुन्हा मिसळली होती. चांदीचे कण एकदा सुकून चिकटले की सोनिकेटरने ते पूर्ण सुटे होत नाहीत. ढोबळ हिशेबाने १०० कणांचा एक पुंजका एका सुट्या कणाच्या १०,००० पट प्रकाश विखुरतो, तेव्हा असे अगदी थोडे पुंजके ५५ ला ८६ करायला पुरतात. थोडक्यात, डीएलएसने तुमच्या कलिलाचं मोजमाप केलंच नाही. तुमच्या पुडीचं केलं, आणि ते प्रामाणिकपणे केलं.

म्हणून डीएलएस नेहमी मूळ ओल्या कलिलावर करा, न सुकवता. पातळ करायचं तर त्याच माध्यमाने किंवा शुद्ध पाण्याने, नळाच्या पाण्याने कधीही नाही. नळाच्या पाण्यातलं क्लोराइड आणि कॅल्शियम दोन्ही चांदीच्या कलिलाचे शत्रू आहेत. पॉलिस्टायरीनच्या मानक मण्यांसाठी थोडं मीठ घालायची शिफारस असते, कारण अगदी शुद्ध पाण्यात कणांभोवतीचा विद्युतभार लांबवर पसरतो आणि व्यास फुगलेला दिसतो. चांदीत मीठ घातलंत तर सिल्व्हर क्लोराइड होईल. क्षार हवाच असेल तर पोटॅशियम नायट्रेट घ्या, तेही १ मिलिमोलरच्या आसपास. पातळ करायचं पाणी ०.२ मायक्रॉनच्या सिरिंज फिल्टरमधून गाळा, नमुना नाही. नमुना गाळला की पुंजके फिल्टरवर राहतात आणि सुंदर, खोटा आकडा येतो. तीन वेगवेगळ्या सौम्यता घेऊन बघा. आकडा सौम्यतेबरोबर हलत असेल तर तो अजून आकडा म्हणून वापरण्याजोगा नाही. क्युव्हेट यंत्रात ठेवल्यावर तापमान स्थिरावायला दोन-चार मिनिटं द्या: पाण्याची श्यानता (दाटपणा) दर अंशाला सुमारे दोन टक्के बदलते, आणि तेवढाच फरक व्यासात येतो. मे महिन्यात एसी नसलेल्या खोलीतून बाटली आणून लगेच लावली तर ही चूक सहज पाच-सात टक्क्यांवर जाते.

सॉफ्टवेअर एका बटणावर प्रकाशभारित आलेखाचा संख्याभारित आलेख करून देतं, आणि त्यात शिखर अचानक २० वर येऊन टीईएमशी जुळतं. तो मोह टाळा. ते रूपांतर प्रकाशाला व्यासाच्या सहाव्या घाताने भागतं, त्यामुळे लहान व्यासाकडचा थोडासा गोंगाटही प्रचंड फुगतो. शिवाय त्यासाठी चांदीचा अपवर्तनांक आणि शोषण भरावं लागतं. ६३३ नॅनोमीटरला चांदीचा अपवर्तनांक १ पेक्षा खूपच कमी आणि शोषण ४ च्या आसपास असतं, आणि बहुतेक फाइलींत मला तिथे पॉलिस्टायरीनचे आकडे तसेच राहिलेले दिसतात. झेड-सरासरी आणि पीडीआय यांना ही माहिती लागत नाही. तेच दोन द्या. आणि मुख्य शिखराच्या डावीकडे ५-१० नॅनोमीटरला छोटं शिखर दिसलं तर ‘लहान कणही आहेत’ असं लिहू नका. लांबट किंवा चपटे कण पाण्यात सरकतात तसे स्वतःभोवती फिरतातही, आणि त्या फिरण्याची जलद थरथर डीएलएस लहान कण समजून बसतं.

यूव्ही-व्हिजिबलचं शिखर मी मुद्दाम मागे ठेवलं, कारण त्याच्याकडून लोक सगळ्यात जास्त अपेक्षा करतात. धातूच्या गोळ्यावर प्रकाश पडला की काय होतं हे गुस्ताव मी यांनी १९०८ मध्ये पूर्ण सोडवून ठेवलं आहे. सायट्रेट आवरणाच्या गोल चांदीला २० नॅनोमीटरला सुमारे ४०० वर, ४० ला ४१० च्या जरा पुढे, ६० ला ४३० च्या आसपास, आणि १०० ला ४८०-५०० वर रुंद शिखर येतं. मग तुमचं ४३२ म्हणजे ६० नॅनोमीटर? नाही. शिखराची जागा कणाच्या व्यासाबरोबरच भोवतालच्या अपवर्तनांकावरही ठरते, आणि सेंद्रिय आवरण ती लाल बाजूला ढकलतं. पुंजके ढकलतात, कणाची घडण, म्हणजे तो गोल की चपटा, तीही ढकलते. त्रिकोणी चपट्या चांदीचं कलिल निळंशार दिसतं, त्यात व्यासाचा वाटा असतोच, पण मुख्य कारण घडण असते. दुसऱ्या बाजूला ५ पासून २० नॅनोमीटरपर्यंत शिखर फारसं हलतच नाही. तिथे ते मोजपट्टी म्हणून निकामी आहे.

तरीही माझ्या प्रयोगशाळेत चांदीचा कुठलाही नमुना आला की पहिला स्पेक्ट्रम घेतला जातो, आणि तो पुन्हा पुन्हा घेतला जातो. कारण बदल पकडण्यात त्याचा हात कुणी धरू शकत नाही. शोषण १ च्या खाली राहील इतका नमुना पातळ करा, ३०० ते ८०० पर्यंत घ्या, तितकाच पातळ केलेला अर्क कोरा (तुलनेचा, चांदी नसलेला नमुना) म्हणून वापरा. आज, उद्या, आठवड्याने. शिखर खाली बसून ५५०-७०० च्या भागात शेपूट वर येत असेल तर कण चिकटत आहेत. शेपूट न येता शिखर नुसतं लहान होत असेल तर चांदी विरघळत आहे किंवा तळाशी जात आहे. ठेवल्या जागी कलिलात तीन गोष्टी घडत असतात: हवेतल्या ऑक्सिजनने चांदी हळूहळू आयन होते, लहान कण विरून मोठ्यांवर जमा होतात, उजेडात घडण बदलते. म्हणून एक्सआरडी जानेवारीत, डीएलएस फेब्रुवारीत आणि टीईएम एप्रिलमध्ये झालं असेल तर तुम्ही तीन नमुने मोजले आहेत. प्रत्येक मोजमापाच्या दिवशीचा स्पेक्ट्रम सोबत असेल तरच तो एकच नमुना होता असं म्हणता येईल.

बाकी पद्धतींबद्दल थोडंच लिहिते. एनटीए (नॅनोकणांचा मागोवा घेणारी पद्धत) प्रत्येक कणाच्या हालचालीचा माग काढतं, त्यामुळे सहाव्या घाताची दादागिरी तिथे कमी होते. चांदी प्रकाश जोरात विखुरते म्हणून २० नॅनोमीटरच्या आसपासचे कणही सापडतात. मात्र पातळ करताना हिशेब लागतो. चांदीची घनता घन सेंटिमीटरला १०.४९ ग्रॅम, तेव्हा २० नॅनोमीटरच्या एका कणाचं वजन ४.४ गुणिले १० चा उणे १७ वा घात इतके ग्रॅम. म्हणजे १० पीपीएम कलिलाच्या एका मिलिलिटरमध्ये सुमारे २३,००० कोटी कण. एनटीएला १० ते १०० कोटी हवे असतात, त्यामुळे शेकडो पट पातळ करावं लागतं. ही कल्पना जुनी आहे. झिगमोंडी आणि सिडेनटॉफ यांनी १९०३ मध्ये अतिसूक्ष्मदर्शक प्रसिद्ध केला, तेव्हा न दिसणाऱ्या सोन्याच्या कणांचे चमकते ठिपके द्रवाच्या ठरावीक घनफळात मोजून, एकूण सोन्याला त्या संख्येने भागून कणाचा आकार काढला जाई. झिगमोंडींना १९२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं त्यामागे हे काम होतं. पैसे आणि ओळख असेल तर सिंगल पार्टिकल आयसीपी-एमएस करून घ्या. ते एकेका कणातली चांदी तोलतं आणि विरघळलेले आयन वेगळे दाखवतं. व्यास वजनाच्या घनमुळावरून निघतो, त्यामुळे वजनात दुप्पट चूक झाली तरी व्यासात २६ टक्केच चूक येते. २० नॅनोमीटरच्या आसपास मात्र त्याची नजर संपत येते, आणि तुमचे निम्मे कण त्याखाली आहेत.

उपकरणांशिवाय काय कळेल? आकार नाही. कलिल आहे की नुसते आयन आहेत, एवढं कळेल. अंधारात लेझर पॉइंटर सोडला आणि बाटलीत किरणाची रेघ दिसली, तर प्रकाश विखुरणारं काहीतरी आहे. ते चार मोठे कण आहेत की अब्जावधी लहान, हे रेघ सांगत नाही. पिवळसर रंग म्हणजे सुट्या, लहान गोल कणांचा चांगला संकेत. राखाडी, हिरवट झाक येत असेल तर पुंजके किंवा मोठे कण. थोड्या नमुन्यात मिठाच्या पाण्याचे थेंब टाकल्यावर दुधाळपणा आला तर आयन भरपूर आहेत. तळाशी बसण्यावरूनही अंदाज येतो: २० नॅनोमीटरचा सुटा कण दिवसाला जेमतेम ०.२ मिलिमीटर खाली येतो, १०० नॅनोमीटरचा सुमारे ५ मिलिमीटर. दोन दिवसांत तळाला काळा थर दिसला तर तिथे २० नॅनोमीटरचे सुटे कण नाहीत, हे नक्की.

हे वाचणाऱ्यांत घरी चांदीच्या दोन तारा आणि बॅटरी वापरून ‘चांदीचं पाणी’ करणारेही असतील, म्हणून स्पष्ट सांगते. त्यातली बहुतांश चांदी आयनरूपात असते. ते पाणी रंगहीन दिसतं ते त्यामुळेच. टीडीएस मीटर त्या पाण्याची विद्युतवाहकता मोजतो. कणांना तो ओळखतच नाही, त्यामुळे त्यावरचा पीपीएम हा कलिलाचा पीपीएम नव्हे. आणि बाटलीवर कणांचा कितीही लहान आकडा छापलेला असला तरी ते पाणी पिण्याचं औषध होत नाही. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने १९९९ मध्येच विनाचिठ्ठी विकल्या जाणाऱ्या अशा औषधांना सुरक्षित आणि परिणामकारक मानायला नकार दिला. दीर्घकाळ चांदी पोटात गेली तर त्वचा निळसर-राखाडी होते आणि ती पुन्हा मूळ रंगावर येत नाही. पिऊ नका, मुलांना तर मुळीच देऊ नका.

आता तुमच्या प्रबंधाकडे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री यांच्या गटाने २००३-०४ मध्ये बुरशी आणि कडुनिंबाच्या पानांपासून चांदीचे नॅनोकण केले, त्यानंतर हा प्रयोग आपल्याकडच्या कॉलेजांपर्यंत पोचला. कण होतात हे आता कुणाला नव्याने सिद्ध करायचं नाही. तुमच्या कामाची किंमत मोजमाप किती नीट केलं यावर ठरेल. मार्गदर्शकांना हा हिशेब कागदावर मांडून दाखवा, ते ऐकतील. १४ हा आकडा लिहाच, पण ‘स्फटिकखंडाचा आकार’ या नावाने.

कोष्टकात असं काहीतरी येऊ द्या: टीईएम, सुका नमुना, धातूचा गाभा, संख्याभारित सरासरी २२, प्रमाण विचलन ९, मोजलेले कण इतके, ग्रिड अमुक धातूचं; एक्सआरडी, पूड, १११ शिखरावरून स्फटिकखंड १४, यंत्राची रुंदी वजा केली किंवा नाही; डीएलएस, झेड-सरासरी ८६, पीडीआय ०.३८, सुकवून पुन्हा मिसळलेला नमुना, तापमान, सौम्यता. शेवटच्या ओळीतलं ‘सुकवून पुन्हा मिसळलेला’ हे अजिबात गाळू नका.

वेळ असेल तर नवी बॅच करा आणि ती सुकवण्याआधी, त्याच दिवशी, स्पेक्ट्रम आणि डीएलएस दोन्ही घ्या. त्याच बाटलीतून धुतलेला नमुना सोन्याच्या ग्रिडवर लावून मुंबईच्या आयआयटीतल्या किंवा कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातल्या सैफ या विश्लेषण-उपकरण केंद्राकडे टीईएमला पाठवा. पाठवण्याच्या दिवशीचा स्पेक्ट्रम फाइलीत ठेवा. ओल्या कलिलाचा डीएलएस ५० ते ६० च्या घरात आणि पीडीआय ०.२ च्या जवळ आला, तर वरचा हिशेब तुमच्या नमुन्याला लागू पडला आणि ८६ हे पुडीचं होतं. तो ८० च्या वरच राहिला तर पुंजके कलिलातच तयार होत आहेत. तेव्हा एक्सआरडीत ३२.२ अंशाचं शिखर पुन्हा शोधा, आणि अर्काचं प्रमाण अर्धं आणि दुप्पट अशा दोन बॅचेस करून डीएलएस घ्या. अर्क वाढवल्यावर व्यास कमी झाला तर आवरण अपुरं पडत होतं. वाढला तर अर्कातलं क्लोराइड किंवा कणाकणांना जोडणारी प्रथिनं दोषी आहेत, आणि मग अर्क उकळून, सेंट्रिफ्यूज करून, वरचं नितळ पाणी तेवढं वापरा.